तिसऱ्या मजल्यावरचं तर्कशास्त्र

आप्पांचं बोट वर गेलं की आमच्या सोसायटीच्या सभेत पंखासुद्धा आवाज न करता फिरतो. उजव्या हाताची तर्जनी, टोकाशी जराशी वाकलेली, नखाच्या कडेला हिरव्या शाईचा जुना डाग. सभेला कोरम नसतो, तो कधीच नसतो. मग सभा अर्ध्या तासासाठी तहकूब होते, त्या अर्ध्या तासात सगळे कोपऱ्यावरचा वडापाव खाऊन येतात आणि तीच माणसं त्याच खुर्च्यांवर आता कायदेशीर होऊन बसतात. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम होतं. ताळेबंद कोणाला कळत नाही म्हणून एकमतानं मंजूर होतो. मग ए विंगमधलं कोणीतरी उठतं आणि म्हणतं, ‘‘नवा वॉचमन ठेवल्यापासून पाणी कमी दाबानं येतंय. मी स्वतः पाहिलंय.’’

बोट वर जातं.

‘‘काकतालीय,’’ आप्पा म्हणतात, आणि बोट खाली येतं.

उठलेला माणूस बसतो. आपण का बसलो हे त्याला कळत नाही. आपल्याला काहीतरी झाल्याचं निदान झालंय आणि त्यावर औषध नसावं, इतपतच त्याला समजलेलं असतं.

मी या सोसायटीचा नऊ वर्षांचा सेक्रेटरी. निवडून वगैरे आलो नाही. एका सभेला गैरहजर होतो, एवढाच माझा गुन्हा. डोंबिवली पूर्वेला, अठ्ठावीस फ्लॅट, चार मजले. या नऊ वर्षांत पंपाची मोटर तीनदा जळली, अध्यक्ष चार झाले, पण आप्पांचं बोट आहे तिथे आहे. तसा हा माणूस आता सगळीकडेच सापडतो. गाडीच्या डब्यात चौथ्या सीटवर असतो, लग्नाच्या पंगतीत असतो, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर एकाऐवजी दोन असतात. दुसऱ्याचं म्हणणं काय आहे, यापेक्षा ते कुठे चुकलं आहे, हे त्याला आधी ऐकू येतं.

काकतालीय म्हणजे काय, हे मी एकदा जिन्यात धीर करून विचारलं. ‘‘कावळा येऊन ताडावर बसला, आणि त्याच क्षणाला ताडाचं फळ पडलं. कावळ्यानं पाडलं का? नाही. गाठ पडली.’’

‘‘म्हणजे आपलं ते, कावळा बसायला आणि फांदी तुटायला,’’ मी म्हणालो.

‘‘फांदी नव्हे. ताडाला फांद्या असतात का, सेक्रेटरी?’’

त्या दिवसापासून ती म्हण वापरायची मला भीती वाटते.

आप्पांनी एका सरकारी खात्यात हिशेबतपासनीस म्हणून चौतीस वर्षं काढली. दुसऱ्यांच्या व्हाउचरांवर हिरव्या शाईच्या खुणा करत फिरायचं, हाच धंदा. निवृत्त झाल्यावर पहिले दोन महिने त्यांनी घरातलं दूध, गॅस आणि काकूंची भिशी तपासली. तिसऱ्या महिन्यात काकूंनी त्यांना वाचनालयाची वर्गणी भरून दिली आणि संध्याकाळी सातच्या आत घरी यायचं नाही असं बजावलं. तिथे जुनी पुस्तकं वजनावर काढली होती. त्यांत आप्पांना अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ सापडला. यशवंत वासुदेव आठल्ये यांनी संपादलेली, मुंबई संस्कृत ग्रंथमालेत १८९७ साली निघालेली जी आवृत्ती, तिचं पुढचं एक पुनर्मुद्रण. अन्नंभट्टानं ते पुस्तक बालकांना सुखानं कळावं म्हणून लिहिलं, असं तो सुरुवातीलाच सांगतो. तेव्हाची बालकं काय खात होती कोण जाणे. पण आप्पांना ते सुखानं कळलं. माणसाच्या बोलण्यालाही व्हाउचर असतं आणि त्यावरही खूण करता येते, हा शोध त्यांना वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी लागला आणि काकूंची भिशी सुटली.

आता त्यांना फुकटचं हसणं बरं नव्हे. न्यायशास्त्र त्यांनी मला दुधाची पिशवी हातात धरून जितकं समजावलं तितकं कुठल्या पुस्तकानं समजावलं नसतं.

‘‘डोंगरावर धूर दिसतो. म्हणजे काय?’’

‘‘आग आहे.’’

‘‘बरोबर. आता उलटं करा. आग दिसते. म्हणजे?’’

‘‘धूर असणार.’’

‘‘चूक. लोहाराकडे तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा बघा. आग आहे. धूर कुठाय? धूर निघायला नुसती आग पुरत नाही, लाकूड ओलं लागतं. तुम्ही आग पाहिलीत, ओलं लाकूड पाहिलंच नाहीत. ह्याला म्हणतात उपाधी.’’ पिशवीतून दुधाचा एक थेंब माझ्या चपलेवर पडला. ‘‘वॉचमन बदलला एप्रिलात. पाणीकपात सुरू झाली एप्रिलात. आता सांगा, ह्यात आग कुठली आणि ओलं लाकूड कुठलं?’’

मी थक्क झालो. अहो, खरंच होतं ते. त्या बिचाऱ्या वॉचमनला आम्ही काढायला निघालो होतो. तो राहिला तो आप्पांमुळे, आणि अजूनही फक्त आप्पांनाच सलाम करतो.

त्याहून मोठा प्रसंग पैशाचा. दोन वर्षांत दामदुप्पट करून देणारा एक सूटवाला आमच्या गच्चीवर येऊन बोलला होता. बरोबर त्यानं चार माणसं आणली होती, ज्यांना पैसे मिळाले होते. एकाची नवी स्कूटर खाली उभी होती. बायका पर्स उघडायच्या बेतात होत्या. आप्पांचं बोट वर. ‘‘हे चौघे इथे बसवलेत. ज्यांना मिळाले नाहीत ते कुठे बसवलेत?’’ सूटवाला हसला. आप्पा हसले नाहीत. त्यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या अब्राहम वाल्ड या गणितज्ञाची गोष्ट सांगायला घेतली. मोहिमेवरून परत आलेल्या विमानांवर गोळ्यांची भोकं कुठे कुठे आहेत ते मोजून त्या जागी पत्रा जाड करावा असं सैन्यातल्या मंडळींना वाटत होतं. वाल्ड म्हणाला, जिथे भोकं नाहीत तिथे करा, कारण तिथे गोळी लागलेली विमानं परतच आलेली नाहीत. गोष्ट संपेपर्यंत सूटवाल्याची शेवटची रिक्षा जायची वेळ झाली होती. पुढे शेजारच्या सोसायटीतल्या लोकांचं काय झालं ते सांगत नाही. आमच्यातली सहा घरं त्या रात्री वाचली, आणि या एका पुण्यावर आप्पांनी पुढची सात वर्षं आमचा छळ केला.

छळ हा शब्द मी मुद्दाम वापरला. न्यायशास्त्रात छल म्हणजे बोलणाऱ्याच्या शब्दाचा भलताच अर्थ धरून त्याला चूक ठरवणं. जुनं उदाहरण घोंगडीचं आहे. कोणी म्हणालं, ह्या पोराकडे नव कंबल आहे. म्हणजे नवी घोंगडी. दुसरा म्हणतो, नऊ कुठल्या, एकच तर दिसते! संस्कृतात ‘नव’चे दोन्ही अर्थ. आमच्याकडे ‘गच्चीवर कपडे वाळत घालू नयेत’ अशी पाटी लावली, तेव्हा बी विंगमधल्या एकानं सतरंजी वाळत घातली आणि सतरंजी हा कपडा आहे का, असं मलाच विचारलं. ‘‘वाक्छल!’’ आप्पा तिसऱ्या मजल्यावरून ओरडले. संस्कृतातला छल मराठीत येताना छळ कसा झाला, यावर व्युत्पत्तिवाले काय म्हणतात ते म्हणोत. त्यांनी आमच्या सभेला एकदा बसावं.

त्या सभेत काय नसतं? वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरीच्या आत घ्यावी लागते, म्हणजे गणपतीत साठलेली सगळी भांडणं ताजी असतात. लिफ्ट बसवायचा विषय निघाला की पहिल्या मजल्यावरचे म्हणतात खर्च परवडत नाही. त्यावर चौथ्या मजल्याचं उत्तर तयार असतं: ‘‘म्हणजे म्हातारी माणसं जिन्यात पडून मेलेली तुम्हाला चालतील!’’ असं कोणीच म्हटलेलं नसतं. कुत्र्याला गच्चीवर नेऊ द्यावं म्हटलं की उद्या म्हैस नेतील. हिशेबावर शंका घेतली की ‘आधी स्वतःचा मेंटेनन्स भरा.’ आता त्याची थकबाकी आहे हे खरंच, पण त्यामुळे रंगाऱ्याच्या बिलातली बेरीज बरोबर कशी होते? कोणाचा मेव्हणा इंजिनिअर असतो. कॉम्प्युटरचा, पण बीमबद्दल त्याचंच मत शेवटचं. आणि नासानं सिद्ध केलेल्या गोष्टी तर इतक्या, की ती मंडळी अंतराळात जायला वेळ कधी काढतात हा प्रश्नच आहे. हे सगळं आप्पा टिपतात. वहीत रकाने आहेत: तारीख, फ्लॅट नंबर, दोष. थकबाकीदारांची यादी मी जितकी नीट ठेवत नाही तितकी ही नीट आहे. माझ्या नावापुढे चाळीसच्या वर खुणा आहेत, त्यांतल्या अकरा ‘साध्यसम’च्या. नियम का पाळायचा, तर नियम आहे म्हणून, असं मी अकरा वेळा म्हणालो म्हणे.

माझा भाचा बंगळुरूहून आला होता तेव्हा त्याची आणि आप्पांची गाठ पडली. तो त्याच जातीचा, फक्त इंग्रजी माध्यमातला. उडप्याकडे ऑर्डर द्यावी तसा तो बोलण्यात मध्येच ‘स्ट्रॉमॅन’, ‘ॲड होमिनेम’ म्हणतो. दोघं संध्याकाळभर गच्चीवर बसले. पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्या दोन मुलांसारखे एकमेकांना आपापला साठा दाखवत होते. भाचा म्हणाला, ॲरिस्टॉटलनं चुकीच्या युक्तिवादाचे १३ प्रकार सांगितलेत. आप्पा म्हणाले, बरं. न्यायशास्त्रातल्या गौतमाचे हेत्वाभास ५, छल ३, जाती २४, आणि निग्रहस्थानं २२. बेरीज तुम्ही करा. निग्रहस्थान म्हणजे वादात जिथे माणूस हरला असं धरायचं ती जागा. विषय बदलणं हे एक. तेच तेच पुन्हा म्हणणं हे एक. आणि ‘मला जरा काम आहे’ म्हणून वादातून उठून जाणं, ह्यालाही स्वतंत्र नाव आहे: विक्षेप. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीसुद्धा लोकांना ऐन वेळी काम निघत होतं, हे ऐकून भाचा हरखला. आमच्याकडे वर्गणीचा विषय आला की बायका कुकर लावायला उठतात, तेव्हा आप्पा जिन्यापर्यंत ‘‘विक्षेप, विक्षेप!’’ म्हणत जातात. पूर्वी त्या थांबायच्या. आता जाताना ‘‘हो, विक्षेपालाच चाललोय’’ म्हणतात.

मी मात्र त्या वर्षी एक उद्योग केला. नऊ वर्षांची इतिवृत्तं काढून बसलो. ठराव दोनशेच्या आसपास. प्रत्येकाखाली सूचक आणि अनुमोदक. सूचक म्हणून आप्पांचं नाव किती वेळा? शून्य. अनुमोदक म्हणून? शून्य. बाहेरच्या भिंतींना पिवळा द्यायचा की करडा, या वादात आप्पांनी पिवळ्यावाल्यांचे तीन आणि करड्यावाल्यांचे चार दोष काढले, सगळे अचूक, आणि इमारत दोन पावसाळे नुसत्या प्रायमरवर उभी राहिली. लोक पत्ता सांगताना ‘ती आजारी बिल्डिंग’ म्हणायचे. मी आप्पांना विचारलं, ‘‘तुम्हाला स्वतःला कुठला रंग हवा होता?’’ ते माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी त्यांचं पासबुक मागितलं.

ह्यालाही शास्त्रात नाव आहे. वाद म्हणजे खरं काय ते शोधायला केलेली चर्चा. जल्प म्हणजे जिंकायला केलेली. आणि जो स्वतःचा पक्ष मांडतच नाही, नुसता समोरच्याचा मोडतो, त्याची ती वितंडा. वितंडवाद हा शब्द आपण सासवा-सुनांच्या भांडणालाही वापरतो, पण त्या बिचाऱ्यांचा पक्ष असतो. दोघींनाही पोळ्या आपल्या पद्धतीनं हव्या असतात. खरा वितंडवादी फार दुर्मीळ. आमच्याकडे एक आहे. हे मी आप्पांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझ्या नावापुढे आणखी एक खूण झाली असती.

घरी त्यांचं काय चालतं, हे तिसऱ्या मजल्यावरच्या जिन्यात उभं राहिलं की कळतं. आप्पांना दोन मुलं आणि चार नाती. धाकट्या सुनेला पुन्हा दिवस गेले तेव्हा आप्पा मला म्हणाले, ‘‘चार मुली झाल्या. आता मुलगाच.’’ ह्याच माणसानं मागच्याच आठवड्यात वॉचमनला मोंटे कार्लोची गोष्ट सांगितली होती. १८ ऑगस्ट १९१३. तिथल्या जुगारखान्यात चक्रावर काळा रंग ओळीनं २६ वेळा आला. दर खेपेला लोकांना वाटे, एवढे काळे झाले, आता लालच येणार, आणि लालवर लावून लावून ते कफल्लक झाले. चक्राला मागचं काही आठवत नाही, हे आप्पांचं तात्पर्य. वॉचमननं ते ऐकून आकडा लावणं सोडलं नाही, पण लावताना आता त्याला वाईट वाटतं. तर, ‘‘आता मुलगाच’’ असं आप्पा म्हणाले आणि आतून काकूंचा आवाज आला, ‘‘का? चक्राला आठवायला लागलं वाटतं?’’

पाचवी नात झाली. तिचं बारसं गणपतीत झालं, आणि खरी गोष्ट इथे सुरू होते.

बारशाला सुनेच्या माहेरची अकरा माणसं चार दिवस राहिली. पाचव्या दिवशी आप्पांच्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या वहिनींच्या बाथरूमच्या छताला ताटलीएवढी ओल आली. दहाव्या दिवशी ती परातीएवढी झाली आणि ठिपकू लागली. वहिनी सभेत उभ्या राहिल्या. त्या शाळेत शिपाई आहेत, दिवसभर घंटा देतात, त्यामुळे बोलणं थेट असतं. ‘‘तुमच्याकडे पाहुणे आले आणि आमच्याकडे गळायला लागलं. तुमचंच बाथरूम गळतंय.’’

बोट वर गेलं. या वेळी मला वाटलं ते जरा जास्तच चपळाईनं गेलं.

‘‘काकतालीय. पाहुणे आल्यानंतर गळलं म्हणजे पाहुण्यांमुळे गळलं असं होत नाही. त्याच दिवसांत पाऊसही होता. गौरी जेवल्या त्या दिवशी तर धो धो होता. तो पाऊस म्हणजे इथे ओलं लाकूड.’’

सगळ्यांनी माना डोलावल्या. तर्क अगदी चोख होता. आणि, हे आप्पा बोलले नाहीत पण मी सेक्रेटरी म्हणून सांगतो, उपविधींप्रमाणे पावसाचं पाणी गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून झिरपलं तर खर्च सोसायटीचा. संडास-बाथरूम आतून गळलं तर ज्याचं त्यानं बघायचं. वहिनींना उत्तर देता आलं नाही. त्यांचा युक्तिवाद पडला. आप्पा खाली बसले. वहिनी घरी गेल्या आणि त्यांनी ठिपक्याखाली स्टीलचा डबा ठेवला.

युक्तिवाद पडला तरी पाणी पडायचं थांबत नाही, ही गोष्ट आम्हा अठ्ठावीस घरांच्या लक्षात यायला तीन महिने लागले. ऑक्टोबर गेला. दिवाळीत वहिनींनी पोरांना शेजारी अभ्यंगस्नानाला पाठवलं. डिसेंबरात त्या डबा घेऊनच समितीच्या बैठकीला आल्या, अर्धा भरलेला. ‘‘आता कुठला पाऊस, आप्पा?’’

‘‘थंडीत बाष्प धरतं,’’ आप्पा म्हणाले. पण बोट वर गेलं नव्हतं.

मी प्लंबर बोलावला. पंचविशीतला पोरगा, पाठीवर सॅक, कानात एक इयरफोन, दुसरा लोंबकळता. मला वाटलं आता हा हातोडा काढणार. त्यानं काहीच काढलं नाही. वहिनींच्या बाथरूममध्ये मान वर करून पाच मिनिटं उभा राहिला, आणि विचारलं, ‘‘मावशी, हे दिवसभर गळतं की कधी कधी?’’

हा प्रश्न आमच्यापैकी कोणीही विचारला नव्हता. वहिनींना उत्तर तोंडपाठ होतं: सकाळी साडेसहापासून दहापर्यंत जास्त, दुपारी कमी, रात्री जवळपास नाही.

मग तो वर गेला. आप्पांच्या बाथरूमचा कॉक बंद केला आणि काकूंना सांगितलं, आज इथे थेंबभर पाणी वापरायचं नाही. काकूंनी आप्पांना आंघोळीला मोठ्या मुलाकडे पाठवलं. ठिपकणं लगेच थांबलं नाही. पोरगा म्हणाला, स्लॅब पाणी पिऊन बसतो आणि सावकाश सोडतो, संध्याकाळपर्यंत थांबा. संध्याकाळी डबा कोरडा. दुसऱ्या दिवशी त्यानं कॉक उघडला, पण वापरायला बंदीच ठेवली. पाइपात दाब होता, नळाला पाणी होतं, डबा कोरडाच. ‘‘म्हणजे येणारी लाइन चांगली आहे. ती फुटली असती तर चोवीस तास गळली असती.’’ तिसऱ्या दिवशी नहाणी ट्रॅपमध्ये फडका कोंबून बाथरूममध्ये बोटभर पाणी साठवलं, चार तास. खाली काही नाही. ‘‘म्हणजे लाद्याही चांगल्या आहेत.’’ मग फडका ओढला. पाणी गडगडत गेलं. आम्ही सगळे धावत खाली आलो. दहाव्या मिनिटाला डब्यात पहिला थेंब वाजला.

‘‘नहाणी ट्रॅपचा जॉइंट,’’ पोरगा म्हणाला आणि सुटलेला इयरफोन कानात घातला.

आप्पा माझ्या शेजारी उभे होते. अगदी हळू आवाजात, स्वतःशीच म्हणाल्यासारखे म्हणाले, ‘‘अन्वयव्यतिरेक.’’ जे असताना होतं आणि जे नसताना होत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं होतं तसं ठेवायचं. त्यांच्या पुस्तकात हे आहे. त्यांनी मला ते दोनदा समजावलंही होतं. पण पुस्तक वरच्या मजल्यावर होतं आणि छत खालच्या, आणि अकरा पाहुणे चार दिवस जिथे आंघोळी करत होते त्याच ट्रॅपचा जॉइंट सुटला होता. वहिनी सभेत जे बोलल्या ते पुराव्याच्या बाजूनं लंगडं होतं, पण बरोबर होतं.

मी पोरग्याला विचारलं, हे कुठे शिकलास? तो म्हणाला, ‘‘शिकायचं काय त्यात? चुकीची लादी फोडली तर ती माझ्या पैशानं बसवून द्यावी लागते.’’

मला वाटलं संपलं. पण चौतीस वर्षांची हिरवी शाई अशी वाळत नाही. दुपारी आप्पा खाली आले आणि म्हणाले, ‘‘फडका काढल्यावर गळलं हे एकदाच पाहिलं. शितावरून भाताची परीक्षा होते ती भात एका पातेल्यात, एका पाण्यात, एका आगीवर शिजतो म्हणून. एका थेंबावरून कशी होईल?’’

काकू मागेच होत्या. ‘‘तुमच्या कुकरच्या दोन डब्यांत तरी भात सारखा शिजतो का? खालचा गिच्च, वरचा फडफडीत. तरी खाताच ना?’’

पोरगा वैतागला नाही. त्यानं सॅकच्या खालच्या कप्प्यातून रंगाची पुडी काढली, रंगपंचमीची उरलेली, लाल. बादलीत कालवून नहाणीत ओतली. खाली आम्ही आठ जण छताकडे बघत उभे. वॉचमनही आला होता. बराच वेळ गेला. मग छताच्या ओलीत एक तांबूस कडा आली, फुगली, आणि वहिनींच्या डब्यात लालसर थेंब पडला. वहिनी काही बोलल्या नाहीत. फक्त डबा उचलून आप्पांच्या नाकासमोर धरला.

आप्पांनी चष्मा वर केला. बोट गेलं वर.

‘‘सव्यभिचार,’’ ते म्हणाले. ‘‘लाल रंग पुडीचाही असेल, पण स्लॅबातली सळई गंजली तरी पाणी तांबूसच येतं. लालपणा दोन्हीकडे सापडतो. त्यावरून काही सिद्ध होत नाही.’’

आणि गंमत म्हणजे, हरकत अगदी रास्त होती. लाल रंग घेणं ही चूकच होती. वहिनींनी डबा खाली ठेवला. तो त्यांनी आप्पांच्या डोक्यात घातला नाही हा त्यांचा मोठेपणा. पोरग्यानं एक क्षण विचार केला. मग म्हणाला, ‘‘बरोबर आहे काका. उद्या हिरवा टाकतो.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरवा कालवताना आप्पा बाथरूमच्या दारात आले, बादलीत बघितलं, आणि म्हणाले, ‘‘मला जरा बँकेत काम आहे.’’

‘‘विक्षेप!’’ काकू आतून ओरडल्या. खालून, दुसऱ्या मजल्याच्या जिन्यातून, वहिनी ओरडल्या. कोणीतरी पहिल्या मजल्यावरूनही ओरडलं. रविवार होता, बँका बंद होत्या.

तासाभरानं ते परत आले तेव्हा वहिनींच्या छतावर पोपटी ठसा उमटला होता, ऑडिटच्या खुणेसारखा. आप्पा त्याच्याखाली बराच वेळ उभे राहिले. मग खिशातून पाकीट काढून पोरग्याला विचारलं, ‘‘किती?’’ आणि त्यानं आकडा सांगितल्यावर बिलाची बेरीज तपासली. पंचवीस रुपयांची चूक निघाली, पोरग्याच्याच तोट्याची. आप्पांनी ते पंचवीस रुपये वाढवून दिले.

दुरुस्ती झाली, गळती थांबली. जानेवारीच्या बैठकीत मी तसं इतिवृत्तात लिहिलं: ‘नहाणी ट्रॅपच्या दुरुस्तीमुळे गळती थांबली.’ वाचून दाखवताना बोट वर गेलं. दुरुस्तीनंतर थांबली म्हणजे दुरुस्तीमुळे थांबली असं नव्हे. जानेवारीत मुळात पाणी कमी वापरलं जातं. शिवाय पाहुणे नाहीत. मी हात जोडले आणि ‘मुळे’ खोडून ‘नंतर’ केलं. एका सभासदाची भिन्न मतपत्रिका म्हणून खाली दोन ओळी घातल्या. आप्पांनी त्या हिरव्या पेनानं सही करून कायम केल्या.

वहिनींनी सगळं घर रंगवून घेतलं, पण बाथरूमचं छत तसंच ठेवलंय. मी विचारलं तर म्हणाल्या, ‘‘पुढच्या गणपतीत त्यांच्याकडे पुन्हा पाहुणे आहेत. तेवढे होऊन जाऊ देत.’’